पुंज-तंत्रज्ञान : संगणन, संवेदन आणि संदेशवहन

डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरू येथे संगणक, प्रणाली आणि संदेशप्रक्रिया या विषयांवरील एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आयबीएम कंपनीचे चार्ल्स बेनेट आणि कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाचे जिल ब्रासार यांचा एक छोटेखानी निबंध त्या परिषदेच्या कामकाजात समाविष्ट झाला. प्रकाशाचा एकेक कण पाठवून दोन व्यक्तींना आपापसांत गुप्त किल्ली कशी ठरवता येईल आणि मध्येच कोणी ती चोरून वाचली तर ते कसे उमगेल, याची कृती त्यात सांगितली होती. त्या वेळी या निबंधाची फारशी दखल घेतली गेली नाही. आज मात्र 'बीबी ८४' या नावाने ओळखली जाणारी ती कृती पुंज-संदेशवहनाचा पाया मानली जाते आणि उपग्रहांद्वारे हजारो किलोमीटर अंतरावर ती वापरून दाखवण्यात आली आहे.

संगणन, संवेदन म्हणजेच सूक्ष्म मापन आणि संदेशवहन ही पुंज-तंत्रज्ञानाची तीन अंगे. इंग्रजीतील 'क्वांटम' या शब्दाला मराठीत 'पुंज' हा प्रतिशब्द रूढ आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष पुंज-विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये पुंजयामिकीची मांडणी केली, त्याला त्या वर्षी शंभर वर्षे झाली. या विषयाबद्दलच्या बातम्यांमध्ये चमत्काराची भाषा पुष्कळ असते. प्रत्यक्षात काय साध्य झाले आहे, काय व्हायचे आहे आणि सामान्य नागरिकाचा त्याच्याशी कोणता संबंध येतो, याचा हा आढावा.

मूळ कल्पना

अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण यांच्या पातळीवर निसर्गाचे नियम आपल्या नित्य अनुभवाहून निराळे आहेत. त्यांपैकी चार गोष्टी येथे लक्षात घ्याव्या लागतील.

पहिली गोष्ट अध्यारोपणाची. नाणे एक तर छापा दाखवते किंवा काटा. पुंजकण मात्र मोजमाप होईपर्यंत दोन्ही स्थितींच्या मिश्रणात राहू शकतो. दुसरी गोष्ट मापनाची. कणाची स्थिती मोजताच ते मिश्रण मोडते आणि एकच उत्तर हाती येते. तिसरी गोष्ट गुंफणीची. दोन कण असे जोडले जाऊ शकतात, की त्यांचे वर्णन स्वतंत्रपणे करताच येत नाही. ते एकमेकांपासून कितीही दूर नेले तरी त्यांच्या मापनांतील संगती टिकून राहते. मात्र या संगतीद्वारे प्रकाशाहून वेगाने निरोप पाठवता येत नाही, हेही तितकेच पक्के आहे. चौथी गोष्ट १९८२ मध्ये सिद्ध झाली. अज्ञात पुंजस्थितीची हुबेहूब नक्कल काढता येत नाही.

गुंफणीविषयी आइन्स्टाइन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये शंका उपस्थित केली होती. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी ही शंका प्रयोगाने तपासण्याचा मार्ग दाखवला. जॉन क्लाऊझर, अलँ आस्पे आणि आंतोन झायलिंगर यांच्या प्रयोगांनी निकाल पुंजयामिकीच्या बाजूने दिला. या तिघांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्त्वज्ञानाच्या प्रांतातला वाटणारा वाद अशा प्रकारे तंत्रज्ञानाचे हत्यार बनला.

पुंज-संगणक म्हणजे काय

नेहमीचा संगणक शून्य किंवा एक या दोनच स्थितींच्या 'बिट'वर चालतो. पुंज-संगणकाच्या मूलभूत घटकाला 'क्यूबिट' म्हणतात. क्यूबिट शून्य आणि एक यांच्या अध्यारोपणात राहू शकतो. तीनशे क्यूबिटच्या सर्वसाधारण स्थितीचे पूर्ण वर्णन लिहायचे तर दोनाचा तीनशेवा घात इतक्या संख्या लागतील. ही संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजित संख्येहूनही मोठी आहे.

यावरून 'पुंज-संगणक सर्व उत्तरे एकाच वेळी तपासतो' असे सर्रास लिहिले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. मापन केले की हाती एकच उत्तर येते आणि तेही यदृच्छेने. खरी करामत आहे ती व्यतिकरणाची. तळ्यात दोन खडे टाकले तर लाटा काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात आणि काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. त्याचप्रमाणे चुकीच्या उत्तरांकडे नेणाऱ्या वाटा परस्परांना छेद देऊन नाहीशा व्हाव्यात आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढावी, अशी आखणी करावी लागते. अशी आखणी मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. म्हणूनच पुंज-संगणक हा आपल्या टेबलावरच्या संगणकाची जागा घेणारा नाही. विशिष्ट कामांसाठीच त्याचा उपयोग होईल.

निसर्गच पुंजनियमांनी चालत असेल तर त्याची नक्कलही पुंजयंत्रानेच करावी, हा विचार रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडला. १९८५ मध्ये डेव्हिड डॉइच यांनी अशा सर्वसमावेशक यंत्राची सैद्धांतिक चौकट दिली. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची पुंजरीत शोधली आणि सुरक्षा यंत्रणांचे कान टवकारले गेले. १९९६ मध्ये दिल्ली आयआयटीचे माजी विद्यार्थी आणि बेल प्रयोगशाळेतील संशोधक लव ग्रोव्हर यांनी अव्यवस्थित यादीतून हवी ती नोंद शोधण्याची रीत दिली. दहा लाख नोंदींत नेहमीच्या पद्धतीने सरासरी पाच लाख वेळा पाहावे लागते. ग्रोव्हर यांच्या रीतीने हजाराच्या आसपास पायऱ्या पुरतात.

क्यूबिट तयार करण्याच्या वाटा अनेक आहेत. गूगल आणि आयबीएम या कंपन्या अतिवाहक विद्युत्‌मंडले वापरतात. ती निरपेक्ष शून्याच्या वर एक शतांश अंशाच्या आसपास थंड ठेवावी लागतात. हाताळता येण्याजोग्या आकाराच्या विद्युत्‌मंडलातही पुंजनियम दिसतात, हे जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये कॅलिफोर्नियात दाखवून दिले होते. त्याबद्दल त्यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. विद्युत्‌क्षेत्रात अडकवलेले आयन, लेसरच्या चिमट्यात धरलेले विद्युत्‌भाररहित अणू आणि प्रकाशकण या इतर वाटा होत. कोणती वाट अखेर राजमार्ग ठरेल याचा निकाल अजून लागलेला नाही.

चुकांवर मात

या क्षेत्राची मुख्य अडचण क्यूबिटची संख्या नसून त्यांचा नाजूकपणा ही आहे. उष्णता, भरकटलेली विद्युत्‌चुंबकीय लहर किंवा पदार्थातील बारीकसा दोष यांमुळे अध्यारोपण मोडते. नेहमीच्या संगणकात महत्त्वाच्या बिटच्या प्रती काढून ठेवता येतात. पुंजस्थितीची नक्कल काढता येत नसल्याने तो उपाय येथे बंद आहे. १९९५ मध्ये शोर यांनीच यातून मार्ग काढला. एका क्यूबिटची माहिती अनेक क्यूबिटच्या गुंफणीत पसरवून ठेवायची आणि मूळ माहितीला धक्का न लावता केवळ चुकीची लक्षणे तपासत राहायची. अशा समूहाला 'तार्किक क्यूबिट' म्हणतात.

यात एक मेख होती. समूहात क्यूबिट वाढवले की चुका होण्याच्या जागाही वाढतात. मूळ क्यूबिट पुरेसे चांगले नसतील, तर रोगापेक्षा औषध जालीम ठरते. क्यूबिटची प्रत एका ठरावीक पातळीपलीकडे गेली, तरच समूह मोठा करण्याचा फायदा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने 'विलो' या १०५ क्यूबिटच्या चिपवर नेमके हेच दाखवले. तीन बाय तीन, पाच बाय पाच आणि सात बाय सात असे वाढत जाणारे समूह वापरले असता प्रत्येक पायरीला चुकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. सर्वांत मोठ्या समूहाचे आयुष्य त्यातील सर्वोत्तम एकट्या क्यूबिटच्या दुपटीहून अधिक भरले. जवळजवळ तीस वर्षे कागदावर असलेली कल्पना प्रत्यक्षात उतरली, म्हणून या निकालाचे महत्त्व.

दुसऱ्या आघाडीवर, डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने लेसरने धरलेले अणू वापरून ४८ तार्किक क्यूबिटवर गणना केली. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेने अशा ६,१०० अणूंची मांडणी साधल्याचे प्रसिद्ध केले. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये १,१२१ क्यूबिटची 'काँडॉर' ही चिप जाहीर केली होती. २०२९ पर्यंत २०० तार्किक क्यूबिटचे यंत्र उभारण्याचा मनोदय त्या कंपनीने जून २०२५ मध्ये व्यक्त केला.

दाव्यांची पारख

ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने असे जाहीर केले, की ५३ क्यूबिटच्या 'सायकमोर' चिपने २०० सेकंदांत केलेले काम महासंगणकाला दहा हजार वर्षे लागले असते. आयबीएमने लगेच आक्षेप घेतला, की योग्य पद्धत वापरल्यास हे काम अडीच दिवसांत होईल. पुढील काही वर्षांत नेहमीच्या संगणकांवरील रीती इतक्या सुधारल्या, की तो मूळ दावा टिकला नाही. शिवाय ते काम चाचणीसाठीच रचलेले होते. त्यातून कोणाचा व्यावहारिक प्रश्न सुटत नव्हता. विलो चिपबाबतही जी अब्जावधी वर्षांची तुलना गाजली, ती अशाच प्रकारच्या चाचणीची होती. त्या चिपचे खरे यश चूक-निवारणात आहे.

मायक्रोसॉफ्टची कथाही बोलकी आहे. 'मायोराना' प्रकारच्या स्थितीचा पुरावा सापडल्याचा कंपनीशी संबंधित संशोधकांचा २०१८ मधील शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने याच तत्त्वावरील चिप जाहीर केली, तेव्हा अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी पुरावा अपुरा असल्याचे मत नोंदवले. विज्ञानात असे वाद होणे हे प्रकृतीचेच लक्षण होय. मात्र भांडवल गोळा करणाऱ्यांच्या उत्साहाला शास्त्रीय निष्कर्ष समजण्याची चूक वाचकांनी करू नये. औषधनिर्मिती, खते, विद्युत्‌घट यांसाठी रेणूंचे अचूक गणित मांडण्याची आशा रास्त आहे. पण तिच्या पूर्ततेसाठी आजच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि बिनचूक यंत्रे लागतील.

कुलपे बदलण्याची निकड

सामान्य नागरिकाचा या विषयाशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो येथे. बँकेच्या संकेतस्थळावर आपण प्रवेश करतो, तेव्हा आपल्या संगणकाची आणि बँकेची गुप्त किल्ली ठरवण्यासाठी काही गणिती कोड्यांचा आधार घेतला जातो. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दिलेली 'आरएसए' पद्धत त्यांपैकी प्रसिद्ध आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण, हे तिचे मर्म. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडण्यात यश आले, तेव्हा एका संगणक-गाभ्याच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांचे काम अनेक यंत्रांत वाटून घ्यावे लागले होते. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या संख्या ६१७ अंकी असतात.

शोर यांची रीत हे कोडे सोपे करते. अर्थात त्यासाठी योग्य यंत्र हवे. २००१ मध्ये आयबीएमने सात क्यूबिटच्या यंत्रावर १५ चे ३ आणि ५ हे अवयव पाडून दाखवले, ते केवळ प्रात्यक्षिक होते. ६१७ अंकी संख्या फोडण्यासाठी दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील असा अंदाज २०१९ मध्ये मांडण्यात आला होता. मे २०२५ मध्ये गूगलचे क्रेग गिडनी यांनी हा अंदाज दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी काळ इतका खाली आणला. म्हणजे यंत्र धिम्या गतीने वर चढत आहे आणि त्याने गाठायची पायरीही खाली येत आहे.

'यंत्र तयार होईल तेव्हा पाहू' असे म्हणता येत नाही. याचे कारण असे, की आज तारेवरून जाणारी कुलूपबंद माहिती कोणीही साठवून ठेवू शकतो आणि किल्ली मिळेल तेव्हा उघडू शकतो. वॉटर्लू विद्यापीठाचे मिकेले मोस्का यांनी यासाठी एक साधा हिशेब सांगितला आहे. माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी, आणि कुलपे बदलायला किती वर्षे लागतील, या दोहोंची बेरीज करावी. ही बेरीज समर्थ पुंज-संगणक येण्यास लागणाऱ्या वर्षांहून अधिक असेल, तर उशीर झालेलाच आहे. बँकेचा परवलीचा शब्द बदलता येतो आणि एकदाच वापरायचा सांकेतिक अंक काही मिनिटांत निरुपयोगी होतो. परंतु आजाराचा इतिहास, जनुकीय माहिती, बोटांचे ठसे या गोष्टी जन्मभर तशाच राहतात. आज वीस वर्षांच्या असलेल्या व्यक्तीची अशी माहिती आणखी पन्नास-साठ वर्षे जपावी लागेल.

सुदैवाने नवी कुलपे तयार आहेत. अमेरिकेच्या मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये जागतिक स्पर्धा सुरू केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोन मानके बहुमितीय जाळीतील बिंदूंच्या कोड्यांवर आधारलेली आहेत आणि ती नेहमीच्याच संगणकांवर चालतात. 'सिग्नल' या संदेशसेवेने २०२३ मध्ये, तर अ‍ॅपलने आपल्या संदेशसेवेत २०२४ मध्ये अशी पद्धत अंगीकारली. ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राने २०३५ पर्यंत स्थित्यंतर पूर्ण करण्याची शिफारस केली आहे. तरीही गाफील राहून चालणार नाही. याच स्पर्धेत पुढच्या फेरीपर्यंत पोहोचलेली 'साइक' ही पद्धत २०२२ मध्ये बेल्जियममधील दोन संशोधकांनी साध्या संगणकावर तासाभरात मोडून दाखवली. पुंज-संगणकाची तिथे गरजच पडली नाही. नवे कुलूप कसोटीला उतरायला वेळ लागतो, म्हणून संक्रमणकाळात जुनी आणि नवी अशी दोन्ही कुलपे एकत्र लावण्याचा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात.

पुंज-संदेशवहन

गणिती कोड्याऐवजी निसर्गनियमावर भिस्त ठेवणे हा दुसरा मार्ग, आणि तो बंगळुरूच्या त्या निबंधाकडे परत नेतो. पाठवणारा प्रत्येक प्रकाशकण दोनपैकी एका पद्धतीने ध्रुवित करतो. एक पद्धत उभी-आडवी, दुसरी तिरपी. घेणाराही दोनपैकी एक पद्धत यदृच्छेने निवडून मापन करतो. नंतर दोघे उघडपणे केवळ पद्धती ताडून पाहतात आणि जिथे त्या जुळल्या नाहीत ती मापने टाकून देतात. उरलेल्या निम्म्यांतून किल्ली बनते. मध्ये कोणी प्रत्येक कण मोजून पुढे पाठवला, तर अर्ध्या वेळा त्याची पद्धत चुकते आणि किल्लीतील सुमारे २५ टक्के अंक बिघडतात. नमुन्यादाखल काही अंक पडताळले, की चोर उघडा पडतो.

१९८९ मध्ये या कृतीचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा अंतर जेमतेम ३० सेंटीमीटर होते. आज अडथळा आहे तो तंतूतील ऱ्हासाचा. काचेच्या उत्तम तंतूतही ५० किलोमीटरमध्ये ९० टक्के प्रकाशकण नाहीसे होतात. १०० किलोमीटरनंतर शंभरात एक उरतो आणि ५०० किलोमीटरनंतर हजार कोटींत एक. नक्कल काढता येत नसल्याने वाटेत वर्धकही बसवता येत नाही. सुधारित पद्धतीने २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी १,००२ किलोमीटरचा टप्पा गाठला, पण किल्ली मिळण्याचा वेग अत्यल्प होता.

निर्वात अवकाशात असा ऱ्हास होत नाही. चीनने ऑगस्ट २०१६ मध्ये 'मिशियस' हा उपग्रह सोडला आणि २०१७ मध्ये त्याने १,२०० किलोमीटरहून अधिक अंतरावरील दोन केंद्रांना गुंफलेले प्रकाशकण पोहोचवले. त्याच वर्षी त्याच्या साह्याने बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात सुरक्षित दृक्‌संभाषण झाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका लहान उपग्रहाने चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील १२,९०० किलोमीटर अंतर सांधले. पुढचे उद्दिष्ट आहे पुंजस्थिती साठवून पुढे देणाऱ्या केंद्रांचे जाळे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये बोस्टन परिसरातील ३५ किलोमीटर तंतूच्या फेऱ्यातून दोन पुंज-स्मृती गुंफून दाखवल्या, ती या दिशेची पायरी.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती फक्त किल्ली पोहोचवते. समोरची व्यक्ती खरी कोण, याची खात्री वेगळ्या मार्गानेच करावी लागते. त्यासाठी खास उपकरणे लागतात. जमिनीवरील लांबच्या मार्गात मधली केंद्रे विश्वासू असावी लागतात. उपकरणातील त्रुटींचा फायदा घेऊन किल्ली चोरण्याचे प्रयोगही यशस्वी झाले आहेत. याच कारणांनी अमेरिका आणि ब्रिटन येथील सुरक्षा संस्थांनी सर्वसाधारण वापरासाठी नव्या गणिती कुलपांनाच पसंती दिली आहे.

पुंज-संवेदन

तिन्ही अंगांत सर्वांत परिपक्व असूनही सर्वांत कमी गाजलेले अंग म्हणजे संवेदन. जो नाजूकपणा संगणकाला शाप ठरतो, तोच येथे वरदान आहे. बाह्य जगाचा यत्किंचित स्पर्शही पुंजस्थितीला जाणवतो, म्हणूनच तिच्याद्वारे मोजमाप करता येते.

याचे सर्वांत जुने उदाहरण अणुघड्याळाचे. सिझियम अणूच्या प्रारणाची ९,१९२,६३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून चालत आली आहे. उपग्रहाच्या साह्याने स्थाननिश्चिती करताना घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटरने चुकते. भारताच्या स्थाननिश्चिती उपग्रहांवरील आयात केलेली काही घड्याळे बंद पडली होती. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या 'एनव्हीएस-०१' उपग्रहावर प्रथमच देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले. प्रयोगशाळेत तर २०२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी स्ट्रॉन्शियम अणूंच्या साह्याने एका मिलिमीटर उंचीतील गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे काळाच्या गतीत पडणारा फरक मोजला.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये अतिशीत अणूंच्या गुरुत्वमापकाने जमिनीखालचा बोगदा शोधून दाखवला. रस्ते खणण्याआधी खाली काय आहे ते कळण्याचे मोल शहरवासीयांना वेगळे सांगायला नको. मेंदूतील क्षीण चुंबकीय क्षेत्र टिपण्यासाठी पूर्वी रुग्णाला द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या अवजड यंत्राखाली निश्चल बसावे लागे. २०१८ मध्ये नॉटिंगहॅम येथे शिरस्त्राणासारखे परिधान करता येणारे साधन तयार झाले आणि डोके हलवतानाही मापन करणे शक्य झाले. हिऱ्यात एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा असेल, तर तो सूक्ष्म दोष चुंबकमापकाचे काम करतो. हिरव्या प्रकाशात तो लाल चमकतो आणि चमकेच्या तीव्रतेवरून चुंबकीय क्षेत्र कळते. मुंबई आयआयटीत या तत्त्वावरील सूक्ष्मदर्शकावर काम झाले आहे आणि चिपमधील विद्युत्‌प्रवाहाचे चित्र घेण्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२४ मध्ये त्या संस्थेशी सहकार्य करार केला.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी आणखी एक दुवा हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपये. पुण्याची 'आयुका' ही संस्था या प्रकल्पातील एक प्रमुख भागीदार आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी फरक पडला, तरी तो अशा यंत्राला मोजावा लागतो. तेथे प्रकाशकणांची स्वाभाविक अनिश्चितताच आड येते. फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. त्याच न्यायाने एका गुणधर्मातील अनिश्चितता दाबून ती दुसऱ्यात ढकलता येते. असा 'दाबलेला प्रकाश' वापरण्याची कल्पना कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये मांडली. अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी २०१९ पासून त्याचा नियमित वापर सुरू केला. त्यामुळे घटना टिपण्याचे अपेक्षित प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढले.

भारताची वाटचाल

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची ही योजना आहे. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक आणि २,००० किलोमीटर अंतरावर उपग्रहाद्वारे सुरक्षित संदेशवहन ही तिची ठळक उद्दिष्टे. संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संदेशवहनाचे मद्रास आयआयटीत, संवेदनाचे मुंबई आयआयटीत आणि साहित्य व उपकरणांचे दिल्ली आयआयटीत आहे.

प्रत्यक्ष कामाचे काही टप्पे नोंदवण्याजोगे आहेत. मार्च २०२१ मध्ये 'इस्रो'ने अहमदाबादेत मोकळ्या हवेतून ३०० मीटर अंतरावर पुंज-किल्ली पाठवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन संस्था आणि दिल्ली आयआयटी यांनी प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून लांब तंतूवर हेच साधले. जून २०२५ मध्ये याच दोन संस्थांनी गुंफलेल्या प्रकाशकणांद्वारे मोकळ्या हवेत एक किलोमीटरहून अधिक अंतर गाठले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनवलेल्या सहा क्यूबिटच्या अतिवाहक संगणकाची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. बंगळुरूच्या 'क्यूपीआय' कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्यूबिटचा संगणक जाहीर केला. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'ने इतर दोन संस्थांसह विद्यार्थ्यांना सरावासाठी पुंज-संगणकाचा आभासी नमुना २०२१ मध्ये उपलब्ध करून दिला, तर पुण्याच्याच 'आयसर'मध्ये पुंज-तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले आहे.

अमेरिका आणि चीन यांच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत, हे मान्य करायला हवे. अतिशीत यंत्रे, विशेष लेसर, एकेक प्रकाशकण टिपणारी साधने यांसाठी परदेशांवरील अवलंबन ही मोठी उणीव आहे. प्रश्न पैशाइतकाच अशी साधने बनवू शकणाऱ्या तंत्रज्ञांचाही आहे. मात्र एका आघाडीवर वाट पाहण्याचे कारण नाही. नवी कुलपे बसवण्यासाठी पुंज-संगणकाची गरज नाही. बँका, रुग्णालये आणि शासकीय माहितीसाठे यांमध्ये कोणती माहिती कोणत्या कुलपाखाली आहे, याची यादी करण्यापासून आजच सुरुवात करता येते.

बातमी कशी वाचावी

पुंज-संगणकाची पुढची मोठी बातमी येईल, तेव्हा वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेली क्यूबिटची संख्या नुसती आहे की चूक-निवारण केलेल्या तार्किक क्यूबिटची? सोडवलेला प्रश्न कोणाच्या उपयोगाचा आहे की केवळ शर्यतीसाठी रचलेला? आणि तुलना नेहमीच्या संगणकावरील सर्वोत्तम ज्ञात रीतीशी केली आहे काय? याखेरीज एक चौथा प्रश्न आहे आणि तो आपल्या बँकेला, विमा कंपनीला, रुग्णालयाला विचारायचा आहे. आमची माहिती ज्या कुलपात आहे, ते बदलण्याचे वेळापत्रक तुमच्याकडे आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संशोधक देत राहतील. चौथ्याचे उत्तर मात्र ग्राहकांनी मागितल्याखेरीज मिळणार नाही.